चित्रावर बोट ठेवून ‘हे काय?’ कमी विचारा

साडेतीन वर्षांचं लेकरू चित्रांची नावं सांगतं पण वाक्य जोडत नाही, असं लातूरच्या एका ताईंनी लिहिलंय. बऱ्याचदा गडबड प्रश्नातच असते. ‘हे काय?’ला उत्तर एका शब्दाचंच येणार. ‘शेळी काय करायलीय?’ विचारा, म्हणजे क्रियापद निघतं.

विचारून झालं की मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. बहुतेक जण दुसऱ्याच सेकंदाला स्वतः उत्तर देऊन टाकतात. लेकरू ‘शेळी... पाला’ म्हणालं की आपण ‘हो, शेळी पाला खायलीय’. त्याचेच शब्द, वर एखादा जास्त. ‘परत म्हण’ची सक्ती नको. एका प्रश्नामागे आपली तीन-चार साधी वाक्यं हवीत, नाहीतर तोंडी परीक्षाच होते ती!

आणि ‘खायलीय’चं ‘खात आहे’ करू नका. घरची बोली आधी पक्की होऊ द्या, पुस्तकी मराठी शाळेत येतेच.

पुस्तक पानागणिक एकच घटना असलेलं घ्या. जत्रेसारखी गर्दीची चित्रं नंतर. रोज दहा मिनिटं, पंधरवडाभर तेच पुस्तक. कंटाळा मोठ्यांना येतो, लेकराला नाही. ओळखीचं झालं की वाक्य अर्धं सोडा: ‘आजीनं भाकर...’ आणि ‘थापली’ त्याला भरू द्या. मांडीवर नको, समोर बसवा. तुमचे ओठ दिसले पाहिजेत.

कानाची तपासणी अजून झाली नसेल तर मात्र ती आधी करून घ्या.