मदत हवी आहे: डिस्ने वर्ल्ड (ऑरलँडो), ५ जणांचं सामान बसत नाहीये, शुक्रवारी फ्लाइट

सईची_आई
शुक्रवारी पहाटेची फ्लाइट आहे. तीन मोठ्या बॅगा भरून झाल्या, तरी मुलांचे बूट, रेनकोट, खाऊचे डबे आणि सासूबाईंचं निम्मं सामान बाहेरच आहे. दोन बॅगा ५० पौंडांच्या (विमान कंपनीच्या मर्यादेच्या) वर जातायत. नेटवरच्या सगळ्या याद्या "हेही घ्या, तेही घ्या" अशाच आहेत. मला काय काढायचं ते सांगा. शिवाय पार्कात रोज काय न्यायचं? पाच जणांत एक सॅक पुरेल का? स्ट्रोलर इथून न्यावा की तिथे घ्यावा? कृपया लवकर सांगा.

पाऊसपाणी
कुठून निघताय, किती दिवस, मुलांची वयं काय आणि मुक्काम कुठे? डिस्नेच्या हॉटेलात की बाहेर? पॅकिंगचं निम्मं उत्तर मुक्कामावर ठरतं.

टकमक
व्हॅक्यूम बॅगा आणा. दाबल्या की कपडे निम्म्या जागेत बसतात. तीनच्या दोन बॅगा होतील.

अण्णा_एडिसन
टकमक, व्हॅक्यूमने आकार घटतो, वजन तेवढंच राहतं. त्यांची अडचण ५० पौंडांची आहे. रिकाम्या झालेल्या जागेत माणूस आणखी कपडे कोंबतो आणि काउंटरवर जादा वजनाचे पैसे भरतो. परतताना घरात पंप किंवा व्हॅक्यूम क्लीनर नसला की तेच कपडे फुगून बसतात, ते वेगळंच.

टकमक
हाताने गुंडाळून हवा काढायच्या पिशव्याही मिळतात, पंप लागत नाही. थंडीच्या जॅकेटांना तर त्याला तोड नाही.

अण्णा_एडिसन
जुलैत ऑरलँडोला जॅकेट कशाला?

जुनाजाणता
डिस्नेच्या हॉटेलात उतरत असाल तर सामानाची चिंताच नको. बॅगांना पिवळे टॅग लावायचे, त्या विमानतळावरून परस्पर खोलीत येतात. बसही फुकट. मॅजिक बँडही (तिकीट आणि खोलीची किल्ली म्हणून चालणारा मनगटाचा पट्टा) घरपोच पाठवतात.

पाऊसपाणी
ती बस आणि बॅगांची सेवा, मॅजिकल एक्सप्रेस, २०२२ च्या सुरुवातीलाच बंद झाली. फुकट मॅजिक बँडही २०२१ पासून नाहीत. आता बॅगा आपणच उचलायच्या. सईची आई, जुन्या ब्लॉगवर हे वाचलं असेल तर त्यावर विसंबू नका.

सईची_आई
शिकागोहून निघतोय. सहा दिवस, त्यातले चार पार्कचे. मुलगी सात, मुलगा साडेतीन. ऑरलँडोजवळ किसिमीला भाड्याचं घर घेतलंय, गाडीही भाड्याची. सासूबाई पुण्याहून आल्यायत, त्याही सोबत आहेत. आता सांगा.

पाऊसपाणी
घरात वॉशर-ड्रायर आहे का?

सईची_आई
हो, आहे. ते तर असतंच ना त्या घरांत.

पाऊसपाणी
मग तुमची एक बॅग इथेच कमी झाली. सहा दिवसांचे कपडे नेऊ नका. मोठ्यांना प्रत्येकी तीन जोड, मुलांना चार. तिसऱ्या रात्री एकदा मशीन लावायचं. डिटर्जंटच्या चार-पाच पॉड झिप पिशवीत घ्या, मोठी बाटली नको. जीन्स पूर्ण काढा. भिजली की दिवसभर वाळत नाही, आणि वजनाला सगळ्यात जड तीच. टॉवेल घरात असतातच, तेही काढा. बूट माणशी दोन जोड, त्यातला एक पायात. पार्कात रोज भिजणं ठरलेलंच आहे, त्यामुळे दुसरा जोड चैनीचा नाही. मोजे मात्र जास्त घ्या, आणि सुती नकोत. सुती मोजा ओला झाला की सुकत नाही, टाचेला घासतो आणि दुपारपर्यंत फोड येतो. एकदा फोड आला की पुढचे तीन दिवस ते मूल कडेवर.

नर्मदा_परिक्रमा
सासूबाई बी-२ वर (पर्यटक व्हिसावर) आल्या असतील तर त्यांचा मूळ पासपोर्ट हातातल्या पर्समध्येच ठेवा. देशांतर्गत विमानातही ओळख म्हणून तोच लागणार. आय-९४ ची (अमेरिकेत आल्याच्या नोंदीची) प्रत जवळ असू द्या. मुदतवाढीचा अर्ज करायचा असेल तर मुदत संपायच्या आत करावा लागतो.

सईची_आई
धन्यवाद, पण मी व्हिसाचं विचारलंच नव्हतं. स्ट्रोलरचं कोणीतरी सांगा.

ताम्हिणी
साडेतीन वर्षांचं मूल घरी चालत असलं तरी पार्कात स्ट्रोलर लागतोच, दिवसाला दहा-बारा किलोमीटर सहज होतात. तुमचा घडीचा असेल तर तोच न्या. विमान कंपन्या बहुधा स्ट्रोलर आणि कार सीट फुकट चेक-इन करून घेतात, ते तुमच्या बॅगांत मोजलं जात नाही. पार्कातला भाड्याचा स्ट्रोलर कडक प्लास्टिकचा असतो, मूल त्यात नीट झोपत नाही, आणि तो गेटबाहेर नेता येत नाही. म्हणजे दमलेलं मूल गेटपासून गाडीपर्यंत तुमच्याच खांद्यावर. मापाची मर्यादा ३१ इंच रुंद, ५२ इंच लांब. हाताने ओढायची वॅगन अजिबात चालत नाही.

अण्णा_एडिसन
बाहेरच्या कंपन्या चांगला डबल स्ट्रोलर थेट घरी आणून देतात. सात वर्षांची मुलगीही संध्याकाळी सातनंतर बसतेच. माझं मत डबल.

ताम्हिणी
डबल गाडीत कुठे ठेवणार? अण्णा, गाडीत पाच माणसं आहेत आणि तीन मोठ्या बॅगा. शिवाय पार्किंगच्या ट्राममध्ये स्ट्रोलर घडी करावाच लागतो. मॅजिक किंगडम या पार्कला तर गाडी ट्रान्सपोर्टेशन सेंटरच्या वाहनतळावर लावून पुढे मोनोरेल किंवा फेरी. फेरीत आणि मोनोरेलमध्ये उघडा जातो, पण ट्राममधून उतरेपर्यंत डबलची घडी सांभाळायला एक माणूस अडकतो.
बरं, गाडी कोणती आहे? मिडसाइज एसयूव्ही असेल तर २८ इंची तीन बॅगा आणि स्ट्रोलर मागे मावणार नाहीत. तीन रांगांची घेतली आणि तिसरी रांग उघडी ठेवली तर डिकी उलट आणखी छोटी होते. दोन २५ इंची बॅगा आणि दोन मऊ डफल केल्या तर बसतं. डफल फटींत कोंबता येते, कडक बॅग नाही.

सईची_आई
गाडी मिडसाइजच आहे. म्हणजे एक मोठी बॅग घरीच ठेवते. कार सीट?

ताम्हिणी
फ्लोरिडाच्या कायद्याने पाच वर्षांपर्यंत लागते, त्यामुळे मुलाची न्यायचीच. सात वर्षांच्या मुलीलाही ४ फूट ९ इंच उंची होईपर्यंत बूस्टर असलेला बरा. बिनपाठीचा बूस्टर हलका असतो, फुगवायचेही मिळतात.

कोकणकडा
आम्ही दिवाळीत खोपोलीला इमॅजिकाला जातोय. तिथेही हीच यादी चालेल का?

पाऊसपाणी
नाही. इमॅजिकात बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, डबे गेटवरच राहतात. आणि वॉटर पार्कात नायलॉनचे पोहण्याचे कपडे लागतात, सुती चालत नाहीत. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर सांगते.

शेंगोळी
खाण्यावर कोणी बोललं नाही. डिस्नेत घरचं खाणं चालतं, पण अटी आहेत: काचेची बाटली-बरणी नको (बाळाच्या खाण्याची सोडून), गरम करावं लागेल असं काही नको, आणि उग्र वासाचं नको. म्हणजे लोणच्याची बरणी आणि लसणाची चटणी घरीच. धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या उत्तम. धपाटे पूर्ण गार करून मगच फॉइलमध्ये बांधा. गरम बांधले की आत वाफ धरते आणि त्या उकाड्यात दुपारपर्यंत चिकट होऊन आंबतात. माणशी तीन पुरतात. सुटा बर्फ चालत नाही, त्याऐवजी दोन पाण्याच्या बाटल्या आदल्या रात्री गोठवा. दुपारी त्याच प्यायला होतात.

टकमक
पाणी नेताच कशाला? जिथे फाउंटन ड्रिंक मिळतं त्या कुठल्याही काउंटरला बर्फाच्या पाण्याचा ग्लास मागा, फुकट देतात. पाच माणसांचं पाणी म्हणजे पाच किलो पाठीवर. दोन रिकाम्या बाटल्या न्यायच्या आणि आत भरायच्या.

शेंगोळी
जुलैत चाळीस मिनिटं रांगेत उभं असताना काउंटर कुठून आणणार? मुलांच्या हातात बाटली हवीच.

टकमक
म्हणूनच दोन बाटल्या म्हटलं. पाच नाही.

पाऊसपाणी
रोजच्या सॅकबद्दल: २० ते २५ लिटरची एक सॅक आणि मोठ्यांपैकी एकाच्या कमरेला छोटा पाउच. सॅकमध्ये पाच पोंचो (अंगावर घ्यायचे पातळ प्लास्टिकचे रेनकोट), मुलांचा एकेक पूर्ण जोड (चड्डी-मोज्यांसकट) वेगवेगळ्या झिप पिशवीत नावानिशी, ओल्या कपड्यांसाठी एक रिकामी मोठी झिप पिशवी, वेट वाइप्स, फोडांच्या पट्ट्या, सनस्क्रीन स्टिक आणि १०,००० एमएएचचे दोन पॉवर बँक. तिकीट, लाइटनिंग लेन (पैसे भरून मिळणारी छोटी रांग), खाण्याची ऑर्डर, नकाशा सगळं फोनच्या ॲपवर असतं, त्यामुळे दुपारी दोनपर्यंत फोनची बॅटरी बसते. एक २०,००० चा घेतला तर एका वेळी एकाचाच फोन त्याच्या हाती, आणि मग कुटुंब दोन ठिकाणी गेलं की पंचाईत. विमानात पॉवर बँक केबिनमध्येच ठेवायचे. पाउचमध्ये फक्त फोन, कार्डं, औषधं, कारण बऱ्याच राइडला सॅक पायाशी ठेवावी लागते. ट्रॉन या रोलर कोस्टरला तर लॉकरमध्येच, लॉकर फुकट आहे. सेल्फी स्टिक पार्कात नेऊ देत नाहीत, बॅगेतून काढा.

अण्णा_एडिसन
पोंचोऐवजी घडीच्या छत्र्या. जुलैत प्लास्टिकच्या आत माणूस घामाने भिजतो, मग पावसाने भिजला काय.

पाऊसपाणी
एका हातात स्ट्रोलर आणि दुसऱ्यात मूल असताना छत्री कोणत्या हातात? आणि रांगेत छत्रीच्या काड्या पुढच्याच्या डोळ्याशी येतात. पाऊस बहुधा दुपारी येतो, जोरात पडतो, तास-दीड तासात थांबतो. विजा असल्या की बाहेरच्या राइड बंद होतात. तेव्हा चालत सुटण्यापेक्षा आत बसण्याचे शो त्या वेळेला ठेवा. आजींसाठी एक छत्री मात्र घ्या, उन्हाला उपयोगी पडते. स्ट्रोलरसाठी प्लास्टिक कव्हर हवंच, ओल्या सीटवर मूल बसत नाही.

सईची_आई
सासूबाईंना इन्सुलिन आहे. पेन आहेत. ते कसे न्यायचे?

डॉ_घाटमाथा
हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. चेक-इन बॅगेत अजिबात नाही, तिथे गोठू शकतं आणि बॅग हरवली तर काय करणार? केबिनमध्ये, मूळ लेबलसकट. १०० मिलीचा नियम औषधांना लागू नाही, तपासणीला आधीच सांगा. न उघडलेले पेन घरी फ्रिजमध्ये, पण फ्रीझरला चिकटून नको. वापरात असलेला पेन साधारण ३० अंशांखाली काही आठवडे चालतो, नक्की मुदत पाकिटावर असते. गोठवलेल्या बाटलीला तो थेट लावू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून इन्सुलेटेड पाउचमध्ये ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कधीही ठेवू नका. प्रत्येक पार्कात फर्स्ट एड सेंटर आहे, तिथे औषध फ्रिजमध्ये ठेवून देतात. साखर उतरली तर म्हणून ग्लुकोजच्या गोळ्या त्यांच्या स्वतःच्या खिशात हव्यात, तुमच्या सॅकमध्ये नाही. तुम्ही राइडवर असाल तेव्हा सॅकही तुमच्याबरोबर असेल.

सईची_आई
हे करते. व्हीलचेअर पण बघावी का? गुडघे दुखतात.

ताम्हिणी
पार्कात भाड्याने मिळते, पण आधी आरक्षण होत नाही, सकाळी लवकर पोचणाऱ्याला मिळते. नक्की हवी असेल तर बाहेरच्या कंपनीकडून आजच बुक करा, घरी आणून देतात. घडीची घ्या. पण मग डिकीत स्ट्रोलरबरोबर तिचीही जागा धरा, म्हणजे दुसरी २५ इंचीही कमी करून केबिनच्या बॅगा वापराव्या लागतील.

टकमक
आता तरी व्हॅक्यूम पिशव्या घ्या.

अण्णा_एडिसन
डिकीसाठी घ्या, चालेल. पण प्रत्येक बॅग हातातल्या काट्यावर ४७ पौंडांच्या वर जाऊ देऊ नका, परतताना ओले बूट आणि खेळणी वाढतात.

शेंगोळी
धपाट्यांचं पीठ कोरडं मिसळून झिप पिशवीत न्या. घरात गॅस आहेच, लाटून रोज रात्री करता येतील.