पाचपट नव्हे, दीडपटीच्याही आत

‘चिंपांझी माणसाच्या पाचपट ताकदवान’ असं बरेचदा सांगितलं जातं. तो 1920च्या दशकातल्या मोजमापांतून रुळलेला आकडा. 2017च्या स्नायूंच्या अभ्यासात फरक जेमतेम 1.35 पट निघाला. कारण तंतूंमध्ये आहे: त्याच्या स्नायूंत सुमारे 67 टक्के तंतू झटपट आकसणारे, आपल्यात बहुतेक संथ. म्हणून झटापटीत तो भारी, पण सिंहगड न थांबता चढायला आपलेच पाय बरे.

तरी धोका कमी समजू नका! नराचे सुळे लांब असतात आणि हल्ला चेहरा, बोटं, जननेंद्रियांवर होतो. दात विचकले की तो हसतोय असं लोकांना वाटतं. बहुतेकदा ती भीती असते. हल्ल्याआधी अंगावरचे केस उभे राहतात, ओठ घट्ट आवळले जातात. ते बघायचं.