डॅनिश सागवानी आरसा: काच बदलू का, पॉलिश करू का?

मृण्मयी_ऑरहुस
इथे डेन्मार्कमध्ये, ऑरहुस शहरातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून भिंतीवरचा सागवानी आरसा घेतला. मागे हार्डबोर्डवर कागदी लेबल आहे: अक्सेल क्येर्सगोर, ओडर. काचेवर खालच्या कडेला काळे ठिपके आलेत, लाकूड कोरडं पडलंय, एका कोपऱ्यावर पाण्याचा पांढरा डाग. सासरे सांगलीहून सांगतायत, नवी काच बसव आणि मेलामाइनचं चकचकीत पॉलिश मारून घे. करू का? आणि हे ओडरवाले कोण?

कोल्हापूरकर
काच बदलायला हरकत नाही. रोज तोंड बघायचं तर स्वच्छ दिसायला हवं.

रंधा_पुणे
ताई, काच राहू द्या आणि मेलामाइन तर अजिबात नको. जुनं फर्निचर दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे, म्हणून कळकळीने सांगतोय. मेलामाइनचा थर सागाची रंध्रं बुजवतो, वर प्लॅस्टिकसारखी चकाकी येते, आणि पुढे तो काढायचा तर खरवडावंच लागतं. त्यात चौकटीच्या कडांची धार जाते. या आरशात बघण्यासारखं आहे ते त्या कडांमध्येच.

ओडर तुमच्या ऑरहुसच्या दक्षिणेला, जवळच आहे. तिथल्या क्येर्सगोरांच्या फर्निचर कारखान्यासाठी काई क्रिस्टियनसेन या डॅनिश डिझायनरनी आरसे आणि दाराजवळ टांगायच्या छोट्या ड्रॉवरपेट्या डिझाइन केल्या. पण लेबल कारखान्याचं आहे, तेवढ्यावरून तुमचा आरसा क्रिस्टियनसेन यांनीच डिझाइन केलाय असं धरू नका. क्रिस्टियनसेन हे कोरे क्लिंट यांचे विद्यार्थी. क्लिंटनी 1924 पासून कोपनहेगनच्या कला अकादमीत फर्निचर शिकवलं. आधी माणसाचं आणि वस्तूचं माप घ्या, मग रेघ मारा, ही त्यांची शिस्त. तुमच्या चौकटीचा कोपरा उजेडात तिरका धरून बघा. नक्षी नाही, पट्टी नाही, लाकडाचे उभे-आडवे रेषे जिथे भेटतात तो सांधाच काय ती शोभा. असं साधं काम करताना सुताराला चूक लपवायला जागा नसते.

आणि साग डेन्मार्कला कुठून? एच. एन. अँडरसन या डॅनिश माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बँकॉकहून सयामचा (आजच्या थायलंडचा) साग युरोपात न्यायला सुरुवात केली आणि 1897 मध्ये कोपनहेगनला ईस्ट एशियाटिक कंपनी काढली. म्हणजे 1950-60 च्या दशकांत सागवानी फर्निचरची लाट आली, त्याच्या कितीतरी आधीपासून तो व्यापार चालू होता. झाड आपल्या चंद्रपूरच्या जंगलातलंच, जात एकच.

मृण्मयी_ऑरहुस
काका, खूप आभार! सासऱ्यांना वाचून दाखवते. पण ठिपके वाढतील का? डागाचं काय करू?

रंधा_पुणे
काचेमागे चांदीचा थर असतो, त्यावर रंग. कडेचा रंग उडाला की ओल आत शिरते आणि चांदी काळी पडते. म्हणून काचेवर थेट स्प्रे मारू नका, पाणी ओघळून खालच्या कडेत मुरतं. फडक्यावर मारा, मग पुसा. बाथरूममध्ये तर लावूच नका.

डागासाठी आधी चौकट भरीव लाकडाची आहे की व्हिनीअर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा), ते बघा. दर्शनी बाजूचे रेषे कडेवरून तसेच पुढे गेले असतील तर भरीव. भरीव असेल तर सगळ्यात बारीक स्टील वूल (पोलादी तारांचा मऊ काथ्या) टीक ऑइलमध्ये, म्हणजे सागवानाला लावायच्या तेलात, बुडवून रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. व्हिनीअर असेल तर नुसतं फडकं वापरा. मग तेलाचा पातळ हात द्या आणि थोड्या वेळाने उरलेलं तेल पुसून घ्या. तेलाची फडकी गोळा करून डब्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा, पसरून वाळवा, मगच फेका.

मागची दोरी जुनी असेल तर टांगण्याआधी बदला.