मिरजेच्या संगीत पुरस्कारात वाद्य घडवणाऱ्याला जागा हवी की नको?

खुंटीपिळ्या (मिरज): गावच्या संगीत पुरस्कारासाठी नावं मागवलीत. रकाने दोनच, गायक-वादक आणि संगीतकार. माझं म्हणणं, मिरजेत तिसरा रकाना हवा, वाद्य घडवणाऱ्याचा. मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत दर वर्षी गाणं होतं. मागं लागलेले तंबोरे कुणाच्या हातचे, हे निवेदकाच्या तोंडून मी तरी ऐकलेलं नाही. परवा एका दुकानात बसलो होतो. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानशीचे दोन हात मारायचा, तारेखाली दोरा सरकवायचा, कान लावायचा, मान हलवायचा, परत तार ढिली. एका जवारीला, म्हणजे तारेचा झंकार जुळवायला, पाऊण तास. मला आधीचा नि नंतरचा फरक कळला, मधले कुठलेच कळले नाहीत.

कृष्णाकाठ (सांगली): जवारी काढणं अवघड आहे, मान्य. पण दौत-बोरू करणाऱ्याला कुणी काव्याचं बक्षीस देत नाही. मिरजेच्या सितार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय की. कारागिराला शाल-नारळ नको, वेळेवर पैसे हवेत. तंबोरा उधारीवर नेणारे गवई काय कमी आहेत?

खुंटीपिळ्या: मानांकन वस्तूला मिळतं हो, माणसाला नाही.

फडकरी (वाळवा): तुम्ही दोघं तंबोऱ्यातच अडकलाय. जरा दुसरा रकाना बघा. 'संगीतकारांनी रचनेची स्वरलिपी जोडावी.' म्हणजे चाल स्वरांच्या खुणांत लिहून द्यायची. आमच्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आज असते तर त्यांनी काय जोडलं असतं? लावणी रचायची नि फडावर उभी करायची, ढोलकीवाला नि मागून सूर धरणारे सुरते तिथंच चाल पक्की करणार. कागद कुठला आणायचा? विष्णु दिगंबर मिरजेत बाळकृष्णबुवांकडं शिकले, पुढं त्यांनी स्वतःची स्वरलिपी काढली. लई मोठं काम. पण तीच आता आमच्या दारात आडवी पडलीय. आणि लावणी गाणाऱ्या वाईच्या यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली २०१२ ला, नव्वदी उलटल्यावर. आमच्या माणसानं आधी तेवढं जगायचं, मग सत्कार.

कृष्णाकाठ: स्वरलिपीची अट खुळचटच आहे, ती काढाच. त्यावर मी सही करतो. पण रकाने वाढवू नका. बक्षिसाची रक्कम तेवढीच, वाटे तीन. पुढच्या साली माइकवाला म्हणेल, माझ्याशिवाय गाणं मागच्या रांगेत पोचलं असतं का?

खुंटीपिळ्या: माइक भाड्यानं कुठूनही येतो. तंबोऱ्यासाठी लोक मिरजेला येतात, एवढा फरक आहे. बरं, रक्कम नको. पत्रिकेवर 'तंबोरे' लिहून पुढं करणाऱ्याचं नाव तरी छापा.

फडकरी: आणि ढोलकीवाल्याचं?

कृष्णाकाठ: दोन्ही छापा, शाईला कितीसे पैसे पडतात! पण आधी गेल्या साली आणलेल्या तंबोऱ्यांचं भाडं भागवा म्हणावं समितीला. तो दुकानदार मला दर बाजारी विचारतोय.