ड्रिल मारताना भिंतीतला पाईप लागला तर

बी-३०४: स्वयंपाकघरात कपाट बसवायचंय, पलीकडे बाथरूम आहे. न फोडता पाईप कुठून गेलेत ते कळेल का?

ए-१०२: पक्कं नाही, पण अंदाज येतो ताई. पाईप बहुधा नळाच्या सरळ वर-खाली किंवा त्याच उंचीवर आडवा जातो. दोन्ही बाजूंचे नळ, शॉवर, गिझर पॉइंट, कन्सील कॉक (भिंतीत बसवलेला कॉक) बघा, तिथून उभ्या-आडव्या रेघा मारा आणि रेघेच्या दोन्ही अंगांना वीतभर जागा सोडा.

सी-२०१: धातू शोधणाऱ्या डिटेक्टरवर विसंबू नका. तो जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाईप) दाखवेल, सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाईप) नाही. गरम लाईनसाठी एक युक्ती: पाच-दहा मिनिटं गरम पाणी सोडा आणि भिंतीवर तळहात फिरवा. पाईप फार खोल नसेल तर ऊब लागते.

ए-१०२: ड्रिलच्या बिटवर टेप गुंडाळून भोकाची खोली ठरवा. विटेच्या लाल भुकटीत पिवळसर प्लास्टिकचा कीस दिसला की तिथेच थांबा 🙏

बी-३०४: आणि लागलाच तर?

डी-५०३: बिट उपसू नका! ड्रिल बंद करून आधी त्याचा प्लग काढा, मग चक (बिट धरणारा जबडा) सैल करून बिट भोकातच राहू द्या, तेच बूच होतं. मेन कॉक बंद करा, घरातला सगळ्यात खालचा नळ उघडून लाईन रिकामी करा. गरम लाईन असेल तर गिझरचं बटण आणि इनलेट कॉकही बंद. विजेचा बोर्ड जवळ असेल तर एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडा.

बी-३०४: भोकावर एपॉक्सी पुट्टी चालेल का?

सी-२०१: नाही ताई. आत सतत दाब असतो, पुट्टी आज ना उद्या सुटते. पाईप दोन्ही बाजूंना वीतभर मोकळा करून तेवढा तुकडा बदला. अडचण येते ती इथेच. साध्या कपलरच्या (दोन पाईप जोडणाऱ्या तुकड्याच्या) आत मधोमध कडा असते, त्यामुळे पाईपची दोन्ही टोकं भिंतीत घट्ट असली की दुसरा कपलर चढतच नाही. एकतर पाईप थोडा वाकेल इतकी झिरी (भिंतीतली खाच) वाढवा, नाहीतर आत कडा नसलेला, पूर्ण सरकणारा रिपेअर कपलर आणा. सॉल्व्हंट (पाईप चिकटवायचं द्रावण) सीपीव्हीसीचंच हवं. टोकं अगदी कोरडी हवीत. मेन कॉक झिरपत असेल तर सांधा धरत नाही. पाईप आत घालताना पाव फेरा द्या आणि अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर तो मागे सरकतो.

ई-६०१: जीआय असेल तर काका?

सी-२०१: भिंतीत आटे पाडता येत नाहीत. जवळच्या सांध्यापर्यंत फोडून तेवढा पाईपच बदलावा लागतो.

ए-१०२: सॉल्व्हंटच्या डब्यावर दिलेला वेळ जाऊ द्या, मग पूर्ण दाबाने पाणी सोडा आणि २४ तास झिरी उघडी ठेवा. प्लास्टरची घाई नको.

डी-५०३: पाणी दिसलं नाही म्हणजे पाईप वाचला असंही नाही. स्क्रू पाईपमध्ये घुसून बूच बनला तर महिनोन् महिने कळत नाही. तो गंजला की ओल येते, तीही बऱ्याचदा खालच्या घरात. काम झाल्यावर सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. काटा फिरत असेल तर नुकत्याच मारलेल्या स्क्रूपासून शोधायला लागा.