मामा तलावाचा गाळ काढायचाय, करारात काय लिहून घ्यावं?

पाळीवरचा
नमस्कार मंडळी. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात. गावाला एक मामा तलाव आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधलेले असे साडेसहा हजारांवर तलाव पूर्व विदर्भात आहेत. १९५० नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि दर उन्हाळ्यात पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती टाकणारे हात थांबले. आमच्या तलावात तुडुमाचं, म्हणजे पाणी सोडायच्या दगडी मोरीचं, सगळ्यात खालचं भोक गाळात बुजलंय. अर्ध्या काठावर बेशरम नावाचं रानटी झुडूप माजलंय.

आता एक कंपनी सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून) पोकलेन आणि डिझेल द्यायला तयार आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' २०१७ पासून चालतं त्याच धर्तीवर शेतकरी आपापल्या ट्रॅक्टरने गाळ बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतात, नेतील. ग्रामपंचायत राजी, धानवाले खूश. पण मासेमारीचा ठेका ढिवरांच्या, म्हणजे मासेमार समाजाच्या, संस्थेकडे आहे आणि ग्रामसभेत त्यांच्यातल्या एक मावशी उभ्या राहून म्हणाल्या, "शेजारच्या गावचं तळं खोदून परात केलं. तसंच करणार असाल तर आम्हाला नको." त्यांचं खरं आहे. तिथं तीन वर्षांपूर्वी गाळ संपल्यावर ठेकेदाराने मुरूमही उचलला. आता पाणी जानेवारीतच आटतं.

मी गावात सेवा केंद्र चालवतो, म्हणून कराराचा मसुदा टाइप करायला माझ्याकडे आलाय. त्यात घनमीटर आहेत, फलक किती फुटांचा असावा तेही आहे. मासेमारी संस्थेचं नाव कुठेच नाही. ते टाइप करायला माझा हात धजत नाही. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा, काय लिहून घेऊ?

डोंगा_जाळं (भंडारा)
भाऊ, मी ढिवराची लेक आणि सूनही ढिवराचीच. आमच्या गावात हे काम झालंय, पहिल्या वर्षी चुकलं, मग जमलं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी संस्थेची सही. साक्षीदार म्हणून नाही, पक्ष म्हणून. करार कंपनी आणि ग्रामपंचायत असा दोघांतच झाला की यंत्र निघून जातं आणि तळ्यावर वर्षभर आम्हीच उरतो.

दुसरं, तळं सगळीकडे सारखं खोदायचं नसतं. पाळीजवळ खोल पाणी, मग मधला भाग, मग उथळ पसारा, जिथं पाणी पावसात चढतं आणि हिवाळ्यात उतरतं. मासा अंडी घालायला त्या उथळ काठाला येतो, पाखरंही तिथंच चरतात. तो काठ खरवडला की मावशी म्हणतात ती परात होते. गाळ खोल भागातला काढा, तोही पट्ट्यापट्ट्याने. पाळीच्या पायथ्याला हात लावू देऊ नका. आणि यंत्र यायच्या आधी पाच-सात ठिकाणी कुदळीने खड्डे घ्या. काळा गाळ संपून चिकण माती लागली की तिथं थांबायचं. त्या मातीनेच पाणी धरून ठेवलेलं असतं, ती फोडली तर तळं गळतं. प्रत्येक खड्ड्याची खोली लिहून कराराला जोडा.

बेशरमचं आम्ही चुकलो. पहिल्या वर्षी कोयत्याने कापली आणि तिथंच टाकली. पहिल्या पावसात कांडीकांडीला पाला फुटला. पुढच्या उन्हाळ्यात चाळीस बायकांनी मुळासकट उपटली, पाळीपलीकडे नेऊन वाळवली आणि जाळली. त्याची मजुरी रोजगार हमीतून मिळाली, तुम्हीही मागा.

मग लागवड. हो, तळ्यातही लागवड करावी लागते. मे महिन्यात कोरड्या तळाचे तुकडे नांगरले. जुलैमध्ये गुडघाभर पाणी झाल्यावर दुसऱ्या चांगल्या तळ्यातून पाणवनस्पती ओल्या पोत्यात भरून आणल्या. मूठभर रोप घ्यायचं, मुळाशी गाळाचा गोळा थापायचा, पाण्यात सोडून पायाच्या अंगठ्याने दाबायचं. हाताने दाबायला वाकलं की पाणी गढूळ होतं आणि शेजारचं रोप उपटून वर येतं, हे सासूने शिकवलं. तिसऱ्या पावसाळ्यात मरळ आणि शिंगूर जाळ्यात दिसायला लागले. त्या दिवशी सासू पाळीवर बसून रडली.

हे आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. तुमच्याच अर्जुनीचे पतिराम तुमसरे आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी आधी करून दाखवलं. कोणत्या झाडात कोणता मासा राहतो हे ढिवरांना तोंडपाठ होतं, अभ्यासकांनी त्याच्या नोंदी केल्या. निमगावच्या शालू कोल्हे यांनी बायकांना या कामात पुढे आणलं. तुमच्या जवळच आहेत, जाऊन भेटा.

आणि संस्थेलाही एक अट घाला. रोहू, कतला, मृगळचं बीज सोडा, पण गवत्या (ग्रास कार्प) नको. तो भराभर वाढतो म्हणून आमच्या माणसांनीही हट्ट धरला होता. लावलेलं सगळं तो खाऊन टाकतो.

टेलचा_शेतकरी (नाशिक)
आमच्याकडे तळं नाही, कालवा आहे, पण भांडण तेच. वाघाड धरणाचं पाणी टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पोहोचतच नव्हतं. १९९० च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, म्हणजे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी, टेलच्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पुढे अख्खा प्रकल्प शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आला. अशा संस्थांसाठीचा राज्याचा कायदा २००५ चा, म्हणजे काम आधी आणि कायदा मागून.

वडील त्या सभांना जायचे. ते सांगतात, भांडण थांबलं ते मोजून पाणी घ्यायला लागल्यावर. खात्याकडून संस्थेने मोजून घ्यायचं, शेतकऱ्याने तासावर घ्यायचं, वही सगळ्यांसमोर उघडी. तुमच्या करारात मला हीच उणीव दिसते. किती गाळ निघणार ते आहे, पण वाढलेलं पाणी कोणाचं? ते आज ठरलं नाही तर दोन वर्षांत कोणीतरी उन्हाळी धानासाठी मोटर टाकेल आणि डोंगा_जाळं ताईंच्या माशांना मे महिन्यात चिखलच उरेल.

निवृत्त_शाखा_अभियंता
दोन गोष्टी. तलाव जिल्हा परिषदेच्या ताब्यात असेल तर लघु पाटबंधारे विभागाची लेखी परवानगी आधी घ्या, सरपंचांच्या सहीवर भागत नाही. आणि मुरूम-वाळू नेता येणार नाही, फक्त गाळ, हे ठळक लिहा. ट्रॉल्यांची नोंद गावातल्याच दोघांकडे द्या, एक शेतकरी, एक संस्थेचा. ठेकेदाराच्या माणसाकडे नको.

पाळीवरचा
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं उत्तर मी काल संध्याकाळी समाजमंदिरात वाचून दाखवलं. अंगठ्याने रोप दाबायचं ऐकून त्या मावशी म्हणाल्या, "ही आपलीच आहे." मग तासभर बोलत होत्या. कोणत्या कोपऱ्यात पूर्वी कमळ होतं, कुठं सारस उतरायचे. मी लिहून घेत होतो.

मसुदा आता चार पक्षांचा झालाय. संस्था आहे. खड्डे सोमवारी घेतोय. उथळ काठ वगळलाय, कंपनीच्या माणसाने घनमीटर कमी होतील म्हणून कुरकुर केली, पण मान्य केलं.

पाण्यावर मात्र अडलंय. धान गर्भात असताना पाणी मिळालंच पाहिजे, यावर ढिवरांचाही वाद नाही. परतीचा पाऊस हुकला की तेवढ्या एका पाण्यावर पीक तरतं. प्रश्न त्यानंतरचा आहे. संस्थेचं म्हणणं, तुडुमाच्या दगडावर रंगाने रेघ मारा, पाणी रेघेला आलं की तुडूम बंद आणि मोटरही बंद. संस्थेला रेघ दुसऱ्या भोकावर हवी, धानवाल्यांना एक भोक खाली. फरक हातभराचा आहे. त्या हातभर पाण्यात किती एकर भिजतं आणि मे अखेर किती पाणी उरतं, हे मोजायची सोपी पद्धत अभियंता साहेबांनी सांगितली तर रविवारच्या ग्रामसभेत मांडता येईल. दोरी आणि टेप आहे, आणखी काही लागलं तर आणतो.