रोजचे ऑफिस आणि रविवारची फेरी: एकच हायब्रिड सायकल दोन्हींना पुरेल का?

मूळ मुद्दा – बावधनहून

माझे घर पुण्यात बावधनला आणि कार्यालय शिवाजीनगरला, म्हणजे एका बाजूचे अंतर सुमारे 10 किलोमीटर. सकाळी चांदणी चौकातून कोथरूडकडे उतार लागतो आणि संध्याकाळी दिवसभराचा शीण अंगात असताना तोच चढ चढावा लागतो. रविवारी 9 वर्षांचा मुलगा त्याच्या 24 इंची सायकलवर आणि 4 वर्षांची मुलगी माझ्या मागे, असे आम्ही पाषाण तलावाकडे जातो. जुनी सायकल आता बदलायची आहे. दुकानात गेलो की ऑफिससाठी एक आणि मुलांसाठी दुसरी घ्या, असा सल्ला मिळतो. मला तो पटत नाही. नीट निवडली तर एकच हायब्रिड, म्हणजे रोड सायकल आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल, दोन्ही कामे करते, असे माझे मत आहे.

हायब्रिडचे 700 मापाचे मोठे चाक डांबरी रस्त्यावर हलके पळते, सरळ हँडलमुळे पाठ फारशी वाकत नाही आणि फ्रेममध्ये 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचे टायर बसतात. आपल्या रस्त्यांवर ही टायरची रुंदीच सर्वांत महत्त्वाची आहे. 28 मिलिमीटरचा टायर पेव्हर ब्लॉकच्या फटीत आणि चेंबरच्या कडेला दगा देतो, तर 50 मिलिमीटरचा जाड गोट्यांचा टायर 10 किलोमीटर ओढताना दमछाक करतो.

माझा सर्वांत ठाम आग्रह मात्र पुढे सस्पेन्शन, म्हणजे धक्के शोषणारी स्प्रिंग, नको, हा आहे. जुनी सायकल घेताना दुकानदाराच्या शब्दावर विसंबून मी सस्पेन्शनची घेतली. दोन पावसाळ्यांत पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या नळ्यांवर गंज चढला, आतली स्प्रिंग दबली ती वर येईनाशी झाली, आणि पुढची दोन वर्षे मी किलोभराहून अधिक लोखंड विनाकारण चांदणी चौकापर्यंत चढवत राहिलो. स्वस्त सस्पेन्शन चढावर उभे राहून पायडल मारताना पायातला जोर खाऊन टाकते. त्याच पैशांत गिअर आणि ब्रेक चांगल्या दर्जाचे मिळतात.

प्रतिसाद – नारायण पेठेतून

आपल्या मताशी मी पूर्णपणे असहमत आहे, आणि माझा आक्षेप हायब्रिड या प्रकारालाच आहे. हे शहर सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते तेव्हा इथल्या कामगारांनी, प्राध्यापकांनी आणि शाळकरी मुलांनी गिअर नसलेल्या सायकलीच चालवल्या. कॅरिअर, मडगार्ड, पूर्ण चेनकव्हर, डायनॅमोचा दिवा आणि मागच्या चाकाला उचलून धरणारा दोन पायांचा स्टँड हे सारे त्या सायकलीबरोबरच यायचे. आज हायब्रिड 15 ते 25 हजारांना मिळते आणि त्यात यातले काहीही नसते. मडगार्ड वेगळे, कॅरिअर वेगळे, घंटीसुद्धा वेगळी विकत घ्यावी लागते.

दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. माझ्या सायकलीचे चाक वाकडे झाले तर गल्लीतला सायकलवाला दहा मिनिटांत आऊट काढून देतो, छर्रे बदलायचे तर तासाभरात बदलतो. गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या मागच्या डिरेलरला धक्का बसला आणि तो फ्रेमला जोडणारा हँगर वाकला, तर तो सरळ करण्याचे अवजार त्याच्याकडे नसते. तुमच्या हायब्रिडला मग दुकानात चार दिवस ठेवून यावे लागते. जी सायकल महिन्यातून चार दिवस दुकानात असते, तिला रोजच्या वापराची सायकल म्हणता येत नाही.

बावधनहून उत्तर

दुरुस्तीचा मुद्दा मी मान्य करतो, पण पेठेत सपाट रस्त्यावर राहणाऱ्याने चढाचा हिशेब वगळू नये. पुढे 44 दात्यांचे चेनव्हील आणि मागे 18 दात्यांचे फ्रीव्हील असलेली सायकल पायडलच्या एका फेरीत सुमारे 5 मीटर पुढे जाते. हायब्रिडच्या सर्वांत हलक्या गिअरला, म्हणजे पुढे 28 आणि मागे 32 दाते असताना, एका फेरीत 2 मीटरहून किंचित कमी अंतर कापले जाते. चढावर माझा वेग ताशी 7 किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाला हायब्रिडवर मिनिटाला 60 फेऱ्या होतात, आणि बिनगिअरच्या सायकलवर जेमतेम 23. त्या 23 फेऱ्यांतली प्रत्येक फेरी गुडघ्यावर किती भार टाकते, हे मागे मूल बसवून एकदा कोथरूड डेपोपासून वर चढून पाहावे. आपल्या पिढ्यांनी त्या सायकली चालवल्या हे खरे आहे. पण तेव्हाचे पुणे पेठांभोवती होते, बावधन आणि आंबेगावच्या चढांवर वसलेले नव्हते.

प्रतिसाद – कर्वेनगरहून

आतापर्यंतची सारी चर्चा गिअर आणि फोर्कची झाली. मागे बसणाऱ्या मुलीबद्दल फक्त ‘माझ्या मागे’ एवढे दोन शब्द आले, म्हणून लिहावेसे वाटले.

माझ्या उजव्या टाचेवर आजही अर्धचंद्राच्या आकाराचा व्रण आहे. मी सहा वर्षांची असताना वडिलांच्या सायकलीवर मागे डबलसीट बसले होते. झोप आली, पाय सैल पडला आणि चाकात गेला. वडिलांना कळले ते सायकल जागच्या जागी अडली तेव्हा. चपलेचा पट्टा तारांमध्ये गुंडाळला गेला होता आणि तो त्यांनी किल्लीने कापला. आपल्याकडे ‘चाकात पाय गेला’ हे वाक्य प्रत्येक घरात कधी ना कधी उच्चारले गेले आहे. जुन्या सायकलींची थोरवी सांगणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की त्या कॅरिअरवर मुलाच्या पायांसाठी काहीच सोय नव्हती.

हायब्रिडवर मूल न्यायचे असेल तर मागे पाठ, पट्टे आणि पाय ठेवण्याच्या बंदिस्त जागा असलेली बालसीट हवीच. अशा बऱ्याच सीटना 22 किलोची मर्यादा असते. चार वर्षांची मुलगी साधारण 15-16 किलोची आणि सीट स्वतः चार-पाच किलोची, म्हणजे मागे 20 किलो आलेच. सीट कॅरिअरवर बसणारी असेल तर किमान 25 किलोची क्षमता कोरलेले कॅरिअर लागते आणि त्यासाठी फ्रेमवर मागच्या धुरीपाशी आणि सीटखाली आट्यांची भोके असावी लागतात. वेगवान प्रकारच्या अनेक हायब्रिडना ती नसतात, आणि पट्ट्यांनी आवळलेले कॅरिअर मुलासाठी कदापि चालणार नाही.

म्हणून माझा विरोध एकाच सायकलीला नाही, आडव्या उंच दांड्याला आहे. मागे मूल बसलेले असताना टांग मारून बसता येत नाही; पाय पुढून ओलांडावा लागतो. दांडा उंच असेल तर त्या क्षणी सायकल कलते आणि 20 किलो वजन वरच्या बाजूला असल्याने ती सावरत नाही. पंजाबी ड्रेस किंवा साडी नेसून चालवणारीला तर पर्यायच नसतो. खाली झुकलेल्या दांड्याच्या हायब्रिड मिळतात; त्या ‘लेडीज’ म्हणून बाजूला ठेवलेल्या असतात, आणि पुरुष त्यांच्याकडे पाहतही नाहीत. घरात एकच सायकल घ्यायची असेल तर ती दोघांना चालवता येईल अशी का घेऊ नये?

प्रतिसाद – हडपसरहून

कर्वेनगरच्या ताईंशी सहमत. सस्पेन्शनबाबत मात्र मूळ मांडणीला माझा विरोध आहे. आमच्या भागात रंग न दिलेले गतिरोधक अंधारात दिसत नाहीत आणि पावसात खड्डा आणि डबके यांतला फरक कळत नाही. माझ्या दोन्ही मनगटांना त्रास आहे. पुढे 50-60 मिलिमीटर दबणारा फोर्क लावल्यापासून मी पुन्हा रोज सायकलने जाऊ लागलो. नळ्यांवर गंज चढतो, कारण आपण त्या पुसत नाही. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसल्या तर तीन पावसाळे सहज निघतात. दोष देखभालीचा असताना वस्तूला नावे ठेवणे योग्य नाही.

बावधनहून उत्तर

मनगटांचे दुखणे असेल तर आपला निर्णय बरोबरच आहे. तिथे माझा आग्रह नाही. तरीही निरोगी माणसाने आधी टायरमधली हवा तपासावी, असे मला वाटते. 38 मिलिमीटरच्या टायरला 50 ते 60 पीएसआय इतका हवेचा दाब पुरतो. आपण मात्र पेट्रोल पंपावर टायर दगडासारखा होईपर्यंत हवा भरून घेतो आणि मग रस्त्याला दोष देतो. शिवाय मागे बसलेल्या मुलीला पुढच्या फोर्कचा काहीच उपयोग नाही. तिला धक्का बसतो तो मागच्या चाकाचा, आणि तो फक्त टायरच मऊ करू शकतो.

प्रतिसाद – औंधहून

विजेवर साहाय्य देणारी सायकल घ्या आणि हा वाद मिटवा. 250 वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरची मर्यादा असेल तर नोंदणी लागत नाही, आणि चांदणी चौकाचा चढ हा प्रश्नच उरत नाही. सायकल वापरातून जाते ती अशा एखाद्या चढामुळे, पैशांमुळे नव्हे. पावसाळ्याची चिंता असेल तर वनाजला सायकल लावा आणि पुढे मेट्रोने जा.

प्रतिसाद – नारायण पेठेतून

वनाजहून मेट्रो घेतली तरी चढ वनाजच्या पुढे लागतो, तो तसाच राहतो. विजेची सायकल 20 किलोच्या पुढे जाते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती कोण चढवणार, आणि खाली ठेवली तर बॅटरी रोज काढून वर न्यावी लागणार.

चढाच्या आकडेमोडीवर मी विचार केला. 60 आणि 23 हा फरक मी खोडून काढू शकत नाही. मात्र तीन चेनव्हील लावली की पूर्ण चेनकव्हर बसत नाही, पँटचा पाय चेनमध्ये जातो आणि साडी-ओढणीचा तर विचारच करायला नको. पुढे एकच चेनव्हील, त्यावर कव्हर आणि मागे सात-आठ गिअर अशी सायकल घेतली तर माझा विरोध बराच कमी होईल. डिस्क ब्रेकच्या मोहात पडू नका, हेही सांगतो. काही फ्रेमवर मागची डिस्क पकडणारा कॅलिपर नेमका कॅरिअरचा पाय जिथे बसायचा तिथेच असतो. मग दुकानदार वॉशर लावून कॅरिअर बाहेर ढकलतात आणि लांब झालेला तो स्क्रू वजनाने वाकतो. रिमवर दाबणाऱ्या साध्या व्ही-ब्रेकचे शू कुठेही मिळतात आणि कुणीही बदलतो.

प्रतिसाद – कर्वेनगरहून

व्ही-ब्रेकचे एकच पथ्य सांगते. पावसात रिमवरची माती शूमध्ये रुतते आणि रिम कानशीने घासल्यासारखी झिजते. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला शू पाहावेत, आणि ओल्या रिमवर ब्रेक क्षणभर उशिरा पकडतो हे मूल मागे असताना विसरू नये. चांदणी चौकातून उतरताना तर मुळीच नाही.

बावधनहून

काल संध्याकाळी मुलीला आणि बालसीटला घेऊन दुकानात गेलो. तिथे एक गोष्ट कळली, जी इथे कुणीच लिहिली नव्हती. पसंत पडलेल्या पहिल्या सायकलीचा मागचा भाग आखूड होता. मुलीला बसवून पायडल फिरवले, तर प्रत्येक फेरीला माझी टाच तिच्या पाय ठेवायच्या जागेवर आपटत होती. सीट मागे सरकवली तेव्हा वजन धुरीच्या मागे गेले आणि पुढचे चाक हलके वाटू लागले. ती सायकल तिथेच सोडली.

दुसरी सायकल खाली झुकलेल्या दांड्याची. पत्नीही बरोबर होती. सीटची उंची बदलून दोघांनीही ती चालवून पाहिली. सस्पेन्शन नाही, व्ही-ब्रेक आहेत, 38 मिलिमीटरचे टायर आहेत आणि कॅरिअरसाठी भोके आहेत. चेनव्हील मात्र तीन आहेत, त्यामुळे कव्हरचा आक्षेप तसाच उरतो. पुढे एकच चेनव्हील ठेवून चढ निघेल का, याची मला अजून खात्री नाही. दुकानदाराने बाजूच्या स्टँडऐवजी मधोमध दोन पायांचा स्टँड लावून द्यायचे कबूल केले आहे. शनिवारी त्याने ती सायकल तासाभरासाठी देऊ केली आहे. कोथरूड डेपोपासून वरपर्यंत ती चढवून पाहीन, आधी एकटा आणि मग मागे 20 किलोचे तांदळाचे पोते बांधून. मुलीला पहिल्याच दिवशी त्या चढावर नेणार नाही.